व्हॅनमधला माणूस

"तू होतास कुठे रे या सगळ्यात?" काल शॅडोरन या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचं सेशन संपल्यावर आमच्यातल्या तलवारवाल्याने विचारलं. चेष्टेतच, पण लागलं.

माझं पात्र रिगर, म्हणजे मेंदू थेट जोडून ड्रोन आणि गाड्या चालवणारा. बाकीचे सिएटलमधल्या कॉर्पोरेट इमारतीत घुसलेले, मी दोन गल्ल्या सोडून व्हॅनमध्ये आडवा. चिमुकला फ्लाय-स्पाय ड्रोन व्हेंटमधून पुढे जाऊन जिन्यावरचे गार्ड हेरतोय, पार्किंगमध्ये स्टील लिंक्स हा लढाऊ ड्रोन बंदूक रोखून, छतावर रोटोड्रोन.

प्रत्येक ड्रोनचे फासे मी टाकत बसलो तर बाकीच्यांनी चहा पिऊन यावं! म्हणून बरेचसे ड्रोन मी त्यांना आपोआप चालवणाऱ्या पायलट प्रोग्रॅमवरच सोडतो. आज्ञा एका वाक्यात: "या दारातून कोणी आलं तर गोळी घाल." स्वतः जंप-इन करायचं, म्हणजे मनाने ड्रोनच्या आत शिरायचं, ते एका वेळी एकाच ड्रोनमध्ये, आणि तेही नाइलाज झाला तर. आत असताना ड्रोन फुटला की मार थेट आपल्याला बसतो.

काल छतावर नेमकं तेच झालं. जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सांगितलं, "व्हॅनमध्ये तुझ्या नाकातून रक्त येतंय." कोणी मान वर केली नाही. सगळे लिफ्टपाशी चाललेल्या मारामारीत गुंग.

पण दार उघडायच्या आधी पलीकडे किती जण आहेत हे तलवारवाल्याला कसं कळलं, हे त्याने स्वतःलाच विचारलं नाही. ऑफिसात रात्रभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही सकाळी हेच ऐकावं लागतं ना, "काल काय विशेष?"

पुढच्या वेळी फ्लाय-स्पाय डब्यातच ठेवू का?