पाण्याच्या बिलातले पाच डॉलर: मेरीलँडमध्ये नदीसाठी पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, माँटगोमेरी किंवा हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहणाऱ्या मराठी घरांत पाण्याचं बिल येतं, तेव्हा त्यात ‘बे रिस्टोरेशन फी’ अशी एक वेगळी ओळ असते. रक्कम महिन्याला ५ डॉलर, म्हणजे तिमाही बिलात १५. इथले लोक तिला सरळ ‘फ्लश टॅक्स’ म्हणतात. भारतातून आलेले पाहुणे बिल पाहून हमखास विचारतात की या पैशाचं पुढे काय होतं. त्याचं उत्तर तपशिलात देण्यासारखं आहे, कारण नदी स्वच्छ करण्याचं तंत्र जगभर साधारण एकच असलं, तरी पैशाची वाट नीट बांधलेली फार कमी ठिकाणी दिसते.

सगळं पाणी शेवटी जातं चेसापीक उपसागरात. त्याचं पाणलोट क्षेत्र सहा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. दुखणं मुख्यतः तीन गोष्टींचं: नत्र, स्फुरद आणि गाळ. नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि उन्हाळ्यात खोल पाण्यात मासे-खेकड्यांना जगता येत नाही. २०१० च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, उपसागरात वर्षाला जास्तीत जास्त किती नत्र, स्फुरद आणि गाळ जाऊ द्यायचा याची मर्यादा ठरवली. नत्राची मर्यादा आहे ८ कोटी ४३ लाख किलो. ती राज्यांत आणि नद्यांत वाटून दिलेली आहे.

मेरीलँडने मात्र त्याच्या सहा वर्षं आधीच पैशाची सोय केली होती. २००४ साली गव्हर्नर रॉबर्ट अर्लिक यांच्या काळात कायदा झाला आणि महिन्याला अडीच डॉलर फी सुरू झाली. २०१२ मध्ये बहुतेकांसाठी ती दुप्पट केली गेली. पाणीपुरवठा संस्था फी गोळा करते आणि राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे, म्हणजे महसूल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरते. तिथून ती एका स्वतंत्र निधीत जाते. कायद्याने या निधीचं पहिलं काम एकच ठरवून दिलं होतं: दिवसाला ५ लाख गॅलनपेक्षा (सुमारे १९ लाख लिटर) मोठी ६७ सांडपाणी केंद्रं सुधारायची. राज्यातलं जवळजवळ ९५ टक्के सांडपाणी याच ६७ केंद्रांतून जातं. फी दरवर्षी येणार हे नक्की असल्यामुळे तिच्या भरवशावर रोखे काढता आले. बांधकाम आधी झालं, रोख्यांची फेड फीतून होत राहिली.

उद्दिष्टही नेमकं होतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र लिटरमागे ३ मिलिग्रॅम आणि स्फुरद ०.३ मिलिग्रॅमपर्यंत आणायचं; आधीच्या सुधारणेनंतरही हे आकडे साधारण ८ आणि ३ होते. हे करतात मुख्यतः जिवाणूच. हवा भरलेल्या टाकीत एक जात अमोनियाचं नायट्रेट करते, हवा नसलेल्या टाकीत दुसरी जात त्या नायट्रेटचा वायू करून आकाशात सोडते. पहिली जात सावकाश वाढते आणि कडाक्याच्या थंडीत विरजण लागायला जसा वेळ लागतो तशी रेंगाळते, म्हणून हिवाळ्याचा विचार करून टाक्या मोठ्या ठेवाव्या लागतात आणि गाळ जास्त दिवस टाकीत टिकवावा लागतो. दुसऱ्या जातीला खायला कार्बन लागतो. मैल्यातला पुरत नाही, म्हणून मिथेनॉल सोडतात. ते कमी पडलं तर नायट्रेट तसंच नदीत जातं, आणि जास्त झालं तर उरलेलं मिथेनॉल नदीतला प्राणवायू खातं. स्फुरदासाठी तुरटीसारखे क्षार टाकून गाळ बसवतात आणि शेवटी वाळूच्या गाळणीतून पाणी काढतात.

या वाटेने परिणाम दिसला. संपूर्ण पाणलोटात सांडपाणी केंद्रांनी ईपीएच्या मर्यादेसाठी २०२५ पर्यंत करायची ठरलेली आपली घट २०१६ मध्येच गाठली. शेती आणि शहरी पावसाचं पाणी मात्र मागे राहिलं, आणि एकूण २०२५ ची मुदत पाळता आली नाही.

नदीकाठच्या माणसांनी रेटा लावला नसता तर हा पैसाही उभा राहिला नसता, हे सांगायलाच हवं. पटक्सेंट ही संपूर्णपणे मेरीलँडमध्ये वाहणारी सर्वांत लांब नदी. तिच्या खालच्या टोकाला राहणारे बर्नी फाउलर तरुणपणी छातीभर पाण्यात उभे राहून स्वतःचे पाय पाहू शकत असत. पुढे ते दिसेनासे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेकडच्या तीन काउंट्या, ज्यांत फाउलर यांची कॅल्व्हर्टही होती, वरच्या अंगाच्या सांडपाण्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि त्यातून पटक्सेंटवरच्या केंद्रांना नत्राची मर्यादा लागू झाली. १९८८ पासून फाउलर दर जूनमध्ये पांढरे बूट घालून नदीत उतरत आणि बूट दिसेनासे होतात ती खोली सर्वांसमोर मोजत. मोजमाप इतकं साधं असलं की लोकांना पैसा कशासाठी द्यायचा हे पटतं.

ज्यांच्या घराला गटाराची लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, तेही वर्षाला ६० डॉलर देतात. त्यातला ६० टक्के वाटा सेप्टिक सुधारणेला आणि ४० टक्के शेतातल्या आच्छादन पिकांना (मुख्य पीक काढल्यावर जमीन झाकायला पेरलेली पिकं), अशी मूळ वाटणी. साधा सेप्टिक टँक नत्र जवळपास काढतच नाही. ते नायट्रेट होऊन भूजलातून ओढ्यात उतरतं. नव्या यंत्रणेत हवा भरणारा ब्लोअर असतो आणि नत्र साधारण निम्मं होतं. भरतीच्या पाण्यापासून १००० फुटांच्या आतल्या नादुरुस्त टाक्यांना अनुदानात आधी नंबर. बिघडतं ते असं: वीज वाचवायला मालक ब्लोअर बंद करतो, किंवा धोक्याचा गजर वाजतो म्हणून त्याचा आवाजच तोडतो. म्हणून वर्षातून एकदा प्रमाणित तंत्रज्ञाकडून तपासणी सक्तीची आहे.

आच्छादन पीक हा तर नदीसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे असं आमचं ठाम मत आहे. मका काढल्यावर जमिनीत उरलेलं नत्र हिवाळी पावसात खाली झिरपतं. कापणीनंतर लगेच राय (गव्हासारखं एक धान्य), गहू किंवा सातू पेरला की ते नत्र मुळं उचलतात. राय सर्वांत जोमदार. पेरणी जितकी लांबेल तितकं नत्र कमी सापडतं, म्हणून लवकर पेरणाऱ्याला एकरी जादा पैसे मिळतात, शरद ऋतूत खत घालायची मनाई असते, आणि मृदसंधारण कार्यालयाचा माणूस शेतात येऊन उगवण पाहिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

ओढ्याकाठी झाडांचा पट्टा लावायला केंद्र-राज्य मिळून १० ते १५ वर्षांच्या कराराने जमिनीचं भाडं देतात. पट्टा किमान ३५ फूट. १० बाय १० फुटांवर रोपं लावली तर एकरी ४३५ बसतात. हरणं शेंडे खातात म्हणून प्रत्येक रोपाला उंच प्लास्टिकची नळी, आणि नळीत पक्षी अडकू नयेत म्हणून वर जाळी. नळीभोवती गवत माजलं की उंदीर तिथे घर करतात आणि साल कुरतडतात. पहिली तीन-चार वर्षं गवत काढायचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर लावणी वाया जाते. दुसरी चूक न दिसणारी: शेतातलं पाणी एखाद्या घळीत गोळा होऊन पट्ट्याला बगल देत थेट ओढ्यात जातं, आणि कागदावर मात्र पट्ट्याने प्रदूषण घटवल्याचं पूर्ण श्रेय जमा होतं. लावणीआधी भर पावसात शेत फिरून पाणी कुठून उतरतं ते पाहणं एवढाच त्यावर उपाय.

सर्वांत जास्त अडलं ते शहरी पावसाच्या पाण्यावर. २०१२ च्या कायद्याने नऊ काउंट्या आणि बाल्टिमोर शहराला छपरं आणि फरसबंदीनुसार फी लावायला सांगितलं. विरोधकांनी तिला ‘रेन टॅक्स’ म्हटलं. फ्रेडरिक काउंटीने एका मिळकतीला एक सेंट लावून कायद्याची अक्षरशः पूर्तता केली. २०१५ मध्ये सक्ती गेली. पण पावसाचं पाणी ओढ्यांत सोडण्यासाठी काउंट्यांना जो परवाना लागतो, त्यातली ते पाणी सुधारण्याची अट तशीच राहिली, त्यामुळे काउंट्यांना तो पैसा दुसरीकडून काढावा लागतो. माँटगोमेरीने आपली फी चालू ठेवली आहे आणि त्यातून घरमालकांना अंगणात पाणी मुरवण्यासाठी परतावा मिळतो. तो घ्यायचा असेल तर आधी खड्डा खणून पाण्याने भरा आणि किती वेगाने उतरतं ते मोजा. पावसाळी वाफ्यातलं (पाणी मुरवायला केलेल्या, झाडं लावलेल्या उथळ खळग्यातलं) पाणी एक-दोन दिवसांत मुरलं पाहिजे, आणि वाफा घराच्या पायापासून किमान १० फूट लांब हवा. ही चिकणमातीची जमीन आहे, पाणी उतरतच नसेल तर जागा बदला.

लहान संस्थांसाठी केंद्राचा ‘कलम ३१९’ निधी आहे, १९८७ पासूनचा. साधारण ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के आपण उभे करायचे. स्वयंसेवकांचे तास त्यात धरता येतात, पण तारीख, तास आणि सहीची नोंद हवी. पैसा बहुतांशी अशा ओढ्यांना मिळतो ज्यांचा नऊ घटकांचा पाणलोट आराखडा तयार आहे: प्रदूषण कुठून किती येतं, किती कमी करायचं, कशाने, किती खर्चात, कोण मोजणार. पाण्याचे नमुने घेण्यापूर्वी गुणवत्ता आराखडा, म्हणजे मोजमापं खात्रीची कशी ठेवणार याचा आराखडा, मंजूर करून घ्यावा लागतो. त्याआधी गोळा केलेली मोजमापं बहुतेक वेळा ग्राह्य धरली जात नाहीत.

स्वतंत्र निधीलाही धोके असतात. मंदीच्या वर्षांत राज्याने या फीतली रोकड सर्वसाधारण तिजोरीकडे वळवली आणि बदल्यात रोखे दिले. बाल्टिमोरच्या बॅक रिव्हर केंद्रावर फीतून मोठी सुधारणा झाली होती, पण देखभाल आणि माणसं कमी पडली आणि २०२२ च्या मार्चमध्ये राज्याला तिथला कारभार हाती घ्यावा लागला. बांधकामाला अनुदान मिळतं, उद्घाटन होतं. पंप दुरुस्त करणाऱ्याचा पगार मात्र स्थानिक पाणीपट्टीतूनच यावा लागतो, आणि तो वेळेवर येत नाही.

२०२१ च्या कायद्याने याच निधीतून वर्षाला २ कोटी डॉलरपर्यंत रक्कम वेगळ्या पद्धतीने खर्च करायला मुभा दिली: काम करणाऱ्याने नत्र कमी करून दाखवायचं, पडताळणी झाली की राज्याने कमी झालेल्या नत्राच्या वजनावर, दर पौंडामागे पैसे मोजायचे. निकाल यायला वेळ लागेल. या पाणलोटात ओढ्यांचं निम्मं पाणी भूजलातून येतं आणि त्या भूजलाचं मध्यम वय सुमारे १० वर्षं आहे. आज पेरलेल्या रायचा हिशोब नदीत पुढच्या दशकात दिसेल, म्हणून तोवर शेतातलं आणि विहिरीतलं नायट्रेट मोजण्यासाठीही करारात पैसे हवेत.