काळ्या मातीवरचा कामठा

फरशी उकरली तेव्हा खाली मनगटापर्यंत हात जाईल अशी भेग निघाली. मे महिना होता, लातुरात पारा 42 च्या पुढं गेलेला. घराच्या उत्तर अंगाला गाडीसाठी म्हणून सोडलेली 11 बाय 18 फुटांची जागा, वर पत्रा. तिथं मला वर्कशॉप करायचं होतं. घर बांधताना मिस्त्रीनं काळी माती नुसती सपाट केली, वर वाळूचा थर टाकला आणि फरशी बसवून दिली. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधोमध फुगली आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली बसली. गाडीचं त्यानं काही बिघडत नव्हतं. पण ज्या जमिनीवर मशीन उभं करायचं, ती वर्षातून दोनदा हलून कसं चालेल?

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बेसाल्ट खडक झिजून आपली काळी माती झाली आणि तिच्यातल्या चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, हे मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलंय. कापसाला, तुरीला हीच माती सोन्यासारखी. आमच्या शेतातही उन्हाळ्यात भेगा पडतात, लहानपणी त्यांच्यात आम्ही काड्या सोडायचो. पण स्वतःच्या घराखाली तशी भेग बघितली तेव्हा, टिकणारं वर्कशॉप करायचं तर हत्यारांच्या यादीआधी मातीचं बघावं लागणार, हे पक्कं झालं.

अडीच फूट काळी माती काढून टाकली. हिशेब सोपा होता. 11 गुणिले 18 गुणिले अडीच म्हणजे 495 घनफूट, पाच ब्रासला (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) पाच घनफूट कमी. पण मुरूम धुमसला की दबतो, म्हणून सहा ब्रास मागवला. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस. घाई करायची ती इथं अजिबात नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, एकदाच सगळा ओता, पावसाळ्यात आपोआप बसतो की." पावसाळ्यात तो बसतो हे खरंच, पण वरच्या काँक्रीटला घेऊन बसतो. सुट्टीतले नऊ दिवस मी आणि एक गडी नुसते धुमसत होतो.

त्यावर चार इंच काँक्रीट; सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार. बारा पोती सिमेंट लागलं. भिंतीला काँक्रीट चिकटू दिलं नाही, मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरानं भरली, म्हणजे पुढंमागं जमीन हललीच तरी भिंतीला ओढणार नाही. बाहेरून तीन फुटांचा उताराचा पट्टा केला, पत्र्याचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून. वर फरशी बसवलीच नाही. फरशीवर हातोडा पडला तर फरशी फुटते आणि पटाशी पडली तर पटाशीची धार जाते. बाकड्यापुढं उभं राहायच्या जागी साखर कारखान्यातून भंगारात निघालेल्या रबरी पट्ट्याचा तुकडा अंथरलाय. तीन तास उभं राहिलं तरी टाचा दुखत नाहीत.

जमिनीनंतर वीज. खरं तर या भागावरच मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं, कारण इथं माझ्या जिवावर बेतलं होतं.

वर्कशॉप व्हायच्या आधी मी त्याच जागेत टेबल ग्राइंडर चालवायचो. एप्रिलमध्ये एकदा ग्राइंडरच्या अंगाला हात लागला आणि दंडापर्यंत झिणझिण्या गेल्या. चप्पल कोरडी होती म्हणून वाचलो. अर्थिंग होतं. वायरमननं नळाजवळ दोन हातांची लोखंडी सळई ठोकून तिला तार गुंडाळलेली होती. पावसाळ्यात ते चालायचंही. पण उन्हाळ्यात काळी माती आक्रसली आणि सळईपासून सुटली, सळईभोवती बोट जाईल एवढी पोकळी. तार होती, सळई होती, फक्त जमिनीशी संबंध नव्हता. आपल्या भागात किती घरांचं अर्थिंग मार्चपासून मिरगापर्यंत असं नावापुरतं उरत असेल, याचा विचार आला की मला आजही झोप येत नाही. हे वाचणाऱ्यांनी आपल्या घरची सळई एकदा एप्रिल-मेमध्ये वाकून बघावी, एवढी कळकळीची विनंती.

मग अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप खाली उतरवला. त्याला भोकं पाडलेली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं ज्या शहराला पाणी आणावं लागलं, त्या शहरात खड्ड्यात बादली ओतायला मन धजत नाही. म्हणून आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी आम्ही कॅनमध्ये साठवतो. त्यात क्षार जास्त असतात आणि अर्थिंगला तेच हवं असतं. हे काम थोरल्या लेकीकडं आहे, ती विसरत नाही.

मीटरपासून वर्कशॉपला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वेगळी आणली. तिला 20 अँपिअरचा एमसीबी आणि त्याच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जादा वीज ओढली गेली की एमसीबी पडतो आणि वायरीला वाचवतो, माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं, आणि या दोन्हींत गल्लत करणारे पुष्कळ भेटले. वीज जाते एका तारेनं आणि परत येते दुसरीनं. परत येताना थोडी जरी कमी भरली, तर ती कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललीय असं समजून तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. दोन-अडीच हजारांची वस्तू. ड्रिल मशीन सहा महिन्यांनी घ्या, पण हे आधी घ्या.

आता बाकड्याचं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. जुनं घर माळवदाचं, दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी पंधरा वर्षांचा होतो. आमचं गाव त्या मानानं लांब. आमची मागची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली, पण खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, म्हणून आम्ही वाचलो. किल्लारीकडच्या घरांतल्या हजारो लोकांच्या वाट्याला ते आलं नाही. नंतर आम्ही माती उतरवली, लाकूड सोडवलं आणि दोन वर्षं पत्र्यात काढली. ते लाकूड शेतातल्या कोठ्यात आडवं पडून राहिलं. विकायचं नाही, असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलेलं. कशाला ठेवायचं, ते मात्र ठरवलेलं नव्हतं.

नऊ फुटांची, नऊ बाय नऊ इंचांची एक तुळई मी मागितली. आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ट्रॅक्टर सांगितला.

सॉ मिलच्या चाचांनी तुळईवरून हात फिरवला, चुलीच्या धुरानं काळी झालेली बाजू नखानं खरवडली, आतला पिवळा-तपकिरी रंग बघितला आणि म्हणाले, "माल एक नंबर आहे सर. पण एक खिळा लागला तर माझं पातं जातं. खिळे काढून आणा, तवाच मशीनला लावतो." परत घरी. फुटलेल्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधलं आणि तुळईच्या चारी बाजूंनी वीत-वीत फिरवलं. चुंबक ओढ खाईल तिथं खडूनं गोल करायचा. 41 खिळे निघाले, लोहारानं घडवलेले, चौकोनी अंगाचे. काही तर लाकडात इतके मुरलेले, की भोवतालचं लाकूड पटाशीनं उकरून पक्कडीनं धरावे लागले. शेवटी एक कडी निघाली, मुठीएवढी. आई बघून म्हणाली, "पाळण्याची हाय ती. तुम्ही चौघंबी त्याच कडीला झोपलात."

तुळईच्या दोन-दोन इंचांच्या चार फळ्या झाल्या. तीन एकमेकींना खुंट्या आणि सरस लावून जोडल्या, सात फुटांवर कापल्या. खाली 50 बाय 50 मिलिमीटरचा लोखंडी अँगल. तो मी स्वतः वेल्डिंग केला, बारा नंबरच्या रॉडनं. पहिले दोन जोड मला पसंत पडले नाहीत, ग्राइंडरनं कापून पुन्हा केले. पायांखाली शहाबादीचे तुकडे ठेवले. लाकूड लोखंडावर आणि लोखंड दगडावर, म्हणजे वाळवीला लपून चढता येत नाही, तिची मातीची नळी लगेच दिसते.

उंचीवर मी पंधरा दिवस घालवले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. बाजारात मिळणारी टेबलं तीस इंचांची, म्हणजे बसून लिहायची. उभं राहून रंधा मारायचा तर मनगटाच्या जरा खाली बाकडं हवं, म्हणजे अंगाचा भार रंध्यावर पडतो. कानस चालवायची तर व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. माझी उंची साडेपाच फूट. बाकडं 34 इंचांवर आणि त्यावरच्या व्हाइसचा जबडा बरोबर 42 वर आला. एका भंगारवाल्याकडं वाळूजच्या कारखान्यातून आलेला सहा इंची जुना व्हाइस मिळाला, आटे झिजलेले नव्हते, नुसता गंज. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून साफ केला. नव्या हलक्या व्हाइसपेक्षा तो कितीतरी घट्ट धरतो.

हत्यारांबद्दल फार लिहीत नाही. जे काम समोर आलं त्याचं हत्यार घेतलं. नाशिकच्या टापरियाची पक्कड आणि पाने, एक लोखंडी रंधा, तीन पटाश्या, गुण्या, करवत, ड्रिल. मात्र पाजळायचा दगड पहिल्याच दिवशी घेतला. पटाशीला 25 अंशांचा उतार आणि टोकाला 30 अंशांची बारीक धार, एवढं जमलं की स्वस्तातली पटाशीसुद्धा सागवान लोण्यासारखं कापते. ग्राइंडरवर धरून धार लावताना पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग पुन्हा तो निळा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

अँगल ग्राइंडरचं मात्र सांगायला हवं. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते. अडचणीच्या जागी पोहोचावं म्हणून मी एकदा त्याचा गार्ड काढला. चकती अडकली, फुटली आणि एक तुकडा पत्र्यात रुतून बसला, माझ्या कानापासून हातभर अंतरावर. ते भोक मी बुजवलेलं नाही. पावसाचं पाणी येतं म्हणून वरून फक्त पट्टी लावलीय. गार्ड काढावासा वाटला की तिकडं बघतो.

उष्णतेवर पूर्ण उपाय मला सापडलेला नाही. पत्रा आठ फुटांवरून अकरावर नेला, वर चुना मारला, उंचावर दोन झरोके ठेवले म्हणजे गरम हवा निघून जाते. खिडकी उत्तरेला आहे. तिकडून वर्षातला बराच काळ ऊन थेट येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड येतो, रेघ आखताना सावली नाचत नाही. पत्र्याखाली थर्माकोल लावायचा सल्ला खूप जणांनी दिला. जिथं वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथं तो लावणं मला पटलं नाही. मेमध्ये मी सकाळी सहा ते नऊ काम करतो, आणि मग रात्रीच.

आमच्या गावात सुताराच्या कामाच्या जागेला कामठा म्हणतात. मिरग जवळ आला की आप्पा पेरणीची तिफण खांद्यावर घेऊन कामठ्यावर जायचे, मी तिचं बी सोडायचं चाडं धरून मागं. सुतारमामा जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्यात धरून वाकसानं तासायचे. ढलप्या उडायच्या, पण अंगठ्याला कधी वाकस लागलेला मी बघितला नाही. पैसे तिथं दिले-घेतले जात नव्हते, खळ्यावर ज्वारी दिली जायची. गावातला तो कामठा आता नाही, पेरणी ट्रॅक्टरवर होते.

दिवाळीत आप्पा लातूरला आले. वय 79. बाकड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, जोडावरून अंगठा फिरवला. वर पाळण्याची कडी भिंतीत बसवून मी तिला दिवा टांगलाय, तिकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालंय. पण उभ्यानं कामून करायलास? माझ्यानं इथं काय होणार, मी बसून करणारा."

आप्पा अजून गुरं बांधायची दावी वळतात. चौथी फळी शिल्लक होतीच. तिचं एक फूट उंचीचं, मांडी घालून बसल्यावर हाताशी येईल असं बुटकं बाकडं करायला घेतलंय, एका टोकाला दोर अडकवायला खुंटी. त्याला एकही खिळा मारायचा नाही असं ठरवलंय, सगळे सांधे कुसाचे, म्हणजे लाकडाचं टोक भोकात बसवून केलेले. दोन पाय बसलेत. तिसऱ्याचं भोक जरा सैल झालं, त्याला पाचर तासून ठेवलीय. चौथा या रविवारी.