झेरॉक्सचं दुकान असून पुस्तक पोस्टाने कशाला फिरवता?

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, कॉलेज जवळ असल्यामुळे दिवसभर पोरं येतात, नोट्स, असाइनमेंट, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर वगैरे, आणि मशीन गरम होईपर्यंत त्यांना काही काम नसतं म्हणून ती मागच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा बघतात. त्याला लाल टाचण्या टोचल्यात. मग विचारतात, काका हे काय, तुमचे नातेवाईक का? मग सांगावं लागतं की माझ्याकडे एक जुनी मराठी विज्ञान कादंबरी आहे, एकच प्रत, ती पोस्टाने फिरते, एकाने वाचली की तो पुढच्याला पाठवतो, जिथे जिथे गेली तिथे टाचणी. यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काय ओ काका, स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे की, पीडीएफ करून टाका की सगळ्यांना, पोस्टाला कशाला पैसे घालवताय?" आणि त्याला चिकटूनच दुसरा, "आणि गहाळ झालं तर?"

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, सासुरवाडीत तर जेवताना विचारतात. तर आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

कादंबरीचं नाव सांगत नाही हं. सांगितलं की पुढचा मेसेज "पीडीएफ आहे का" हाच येतो, अनुभव आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमचं घर गावभागात. २००५ च्या पुरात आमच्याकडे पाणी आलं होतं, ते कुठवर आलं याची खूण वडिलांनी जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलने करून ठेवली होती, आणि पुढे घरात कपाट घ्यायचं, फ्रिज ठेवायचा, काहीही असो, ती खूण बघूनच ठरायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा मी पुस्तकांची खोकी त्या खुणेच्या दोन फूट वर रचली आणि निर्धास्त विश्रामबागला दुकानात झोपायला आलो, हुशारी बघा माझी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, २००५ ला पाणी ५४ च्या आत राहिलं होतं, या वेळी ५७ च्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर घरी गेलो तर वरच्या खोक्यांचा चिखल झालेला, आणि जी पुस्तकं लोखंडी कपाटात होती ती फुगून एवढी घट्ट बसली होती की हाताने ओढून निघेनात, शेवटी शेजारच्या अण्णांकडून पहार आणली. पुस्तकं काढायला पहार! ओल्या कागदाचा आणि नदीच्या गाळाचा एकत्र वास असतो तो ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. चारशेच्या आसपास पुस्तकं होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली.

ही कादंबरी तर पुराच्या आधीच गेली असं धरून चाललो होतो. पण दिवाळीत भाऊबीजेला साताऱ्याला गेलो, सदर बझारला मेहुण्याकडे, तर तिथे टीव्हीखाली शोकेसमध्ये, रिमोटच्या शेजारी, हे पुस्तक. त्याने २०१७ ला वाचायला म्हणून नेलेलं. दोन वर्षं मी मागत होतो, दोन वर्षं तो "आणतो ओ दाजी" म्हणत होता, यावरून आमच्यात एकदा चांगलं वाजलं पण होतं. चौतीसाव्या पानावर कंदी पेढ्याच्या तुपाचा डाग, कोपरे दुमडलेले, बाकी ठणठणीत. त्या दिवशी त्याला काय बोलणार? जेवढं कपाटात जपून ठेवलं होतं तेवढं ट्रॉलीत गेलं आणि जे उसनं नेऊन परत दिलं नाही तेवढंच उरलं. तेव्हापासून "गहाळ झालं तर" म्हणून कोणी विचारलं की मी विचारतो, म्हणजे कपाटातल्यासारखं का?

आता पीडीएफ. एक तर लेखकाला जाऊन फार वर्षं नाही झाली, आणि आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, त्यामुळे अख्खं पुस्तक स्कॅन करून वाटणं ही सरळ चोरी झाली. मी काही धुतल्या तांदळाचा नाही, पोरं टेक्स्टबुकाची दोन प्रकरणं घेऊन येतात तेव्हा मी काही विचारत बसत नाही, पण अख्खी कादंबरी नाही.

दुसरं म्हणजे हा प्रयोग झालाय. मी नाही केला, भाच्याने केला. मामाचं कशाला एवढं म्हणून त्याने मोबाइलवर २१२ पानांचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, मला कळलं तेव्हा टाकून झालं होतं. अंगठे आले, "मस्त", "अरे वा, निवांत वाचते", एका काकूंनी तर फुलांचा गुच्छ पाठवला. वर्षभराने एका लग्नात पंगतीला बसल्यावर मी एकेकाला विचारलं, कितवं पान? चाळीस जणांच्या ग्रुपात दहाव्या पानाच्या पुढे एकही गेला नव्हता, भाचा पण नाही. आणि पोस्टाने ज्यांच्याकडे गेलं त्या अकराच्या अकरा जणांनी शेवटपर्यंत वाचलंय. कारण साधं आहे, फोनमधल्या पुस्तकामागे कुणी थांबलेलं नसतं. इथे तुमच्या मागे नंबर असतो, तो माणूस तिसऱ्या आठवड्यात फोन करून "झालं का ओ" विचारतो. भिशीसारखंच आहे हे, बायकोच्या भिशीवरूनच मी नियम उचलले, वही घातली, चिठ्ठ्या टाकून नंबर काढले. हप्ता म्हणजे पुढच्याला पाठवायचा पोस्टाचा खर्च. परदेशात याला बुकरिंग म्हणतात आणि ते लोक बरीच वर्षं करतायत हे मला नंतर कळलं, आधी वाटलं होतं आपणच शोध लावला.

नियम असे की तीन आठवडे ठेवायचं, लिहायचं तर पेन्सिलनेच, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं गाव नि तारीख. बास.

२०२१ ला सुरू केलं. पहिली फेरी छोटी, साताऱ्याहून पुणे, पुण्याहून इस्रायल आणि परत सांगली. इस्रायल ऐकून पोरं चमकतात. अरे, आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू तिकडे गेले ना, त्यांच्या जुन्या पिढीच्या घरात अजून मराठी चालते, 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढायचे ते तिकडून. पुस्तक ज्यांच्याकडे गेलं ते आजोबा मूळ अलिबागकडचे, फोनवर इतकं स्वच्छ बोलतात की आपलंच मराठी कानाला दळभद्री वाटायला लागतं.

पुण्याच्या वहिनींनी पाकीट केलं पण परदेशी टपालावर सीएन २२ नावाचा कस्टमचा फॉर्म लागतो, आत काय आहे आणि किंमत किती ते लिहायचं, तर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं जुनं पुस्तक, किंमत शून्य. शून्य चालत नाही. पाकीट दोन आठवड्यांनी त्यांच्याच दारात परत. मग मुखपृष्ठाच्या आत छापलेले ३० रुपये लिहिले आणि गेलं. या वस्तूची खरी किंमत काय लिहायची हे मला अजून सुचलेलं नाही, मी पण ३० च लिहितो.

ट्रॅकिंग नंबरचं एक सांगतो, मला फार आवडतं ते. पुढे दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपलं असेल तर आयएन. त्यातला नववा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला की कंप्युटरला लगेच कळतं. हे जगभर सारखंच. १८७४ ला बर्नमध्ये देशांनी एकत्र बसून टपाल संघ काढला, भारत त्यात १८७६ पासून आहे, म्हणून तर इथे एकदा पैसे भरले की पुढच्या देशातला पोस्टमन पाकीट पोचवायचे वेगळे पैसे मागत नाही. विज्ञान कादंबऱ्यांत सगळी पृथ्वी एक झालेली दाखवतात, पोस्टाने ते बैलगाडीच्या काळातच करून ठेवलंय.

आणि मराठी विज्ञानकथेचं पोस्टाशी जुनं नातं आहे. जयंत नारळीकर, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले, त्यांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाहीच. नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्या लेखनाची दखल घेतली. कराड म्हणजे आमच्यापासून दीड-दोन तास, हे आठवलं की मला उगीचच आपलं काहीतरी योगदान असल्यासारखं वाटतं.

बरं, आता पान ११२. ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काय म्हणतोय ते कळणार नाही, तरी सांगतो. तिथे नायक मंगळावरून पुण्याला प्रश्न विचारतो आणि पुढच्याच ओळीत पुण्याचं उत्तर येतं. इस्रायलच्या आजोबांनी समासात बारीक, शाळामास्तरी अक्षरात लिहिलं, "लेखकमहाशयांची गफलत. मंगळाहून संदेश यावयास वेळ लागतो." पुस्तक परत सांगलीला आलं, २०२३ ला दुसऱ्या फेरीत बेंगळुरूला गेलं, तिथला एक इंजिनिअर पोरगा, त्याने खाली बाण काढून लिहिलं, "मंगळ जवळ असेल तर ३ मिनिटं, लांब असेल तर २२. लेखकाने जवळचा धरला असेल, तीन मिनिटं गप्प बसले असतील दोघं." तिथून मॉरिशसला गेलं, तिथे मराठी घरं ब्रिटिशांच्या काळापासून आहेत, त्या ताईंनी वाकड्या देवनागरीत त्याखाली, "पुण्याची माणसं तीन मिनिटं गप्प?" मग जर्मनीच्या एका बाईंनी चक्क आकृती काढलीय, सूर्य, पृथ्वी, मंगळ, आणि खाली गणित, जाऊन येऊन दुप्पट वेळ धरायला हवा म्हणून. म्हणजे पोराचं पण चुकलंच की, तीन नाही, सहा. कादंबरीच्या त्या पानावर आता छापलेल्यापेक्षा पेन्सिलचंच जास्त झालंय आणि माझ्या मते तेच जास्त चांगलंय, कादंबरी मधे मधे बोअर करते हे मी मान्य करतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुस्तक सांगलीला परत आलं, पुढचा नंबर न्यू जर्सीचा, पाकीट तयार, आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून इथून अमेरिकेचं बहुतेक टपाल घेणंच बंद झालं. तिकडे ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंना असलेली जकात माफी काढली, आणि ती जकात कुणी गोळा करायची हे ठरलेलं नव्हतं, म्हणून विमान कंपन्या टपाल न्यायला तयार नव्हत्या. माझ्या ३० रुपयांच्या पुस्तकाचं जागतिक राजकारणात अडकणं बायकोला फार विनोदी वाटलं. पण पुस्तक घरात, गावभागात, पावसाळ्यात ठेवायला माझं मन होईना. मग मधेच नागपूरच्या एका बाईंना पाठवून दिलं ज्ञान पोस्टाने, ही मे २०२५ पासून सुरू झालेली पुस्तकांची स्वस्त सोय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर टॅक्स. माझं पाकीट भरलं ३१८ ग्रॅम. काउंटरवरच्या मॅडमनीच कात्री दिली, मी तिथेच उभ्या उभ्या पुठ्ठ्याच्या कडा कापल्या, टेपचा एक वेढा काढला, २९७. मागच्या लाइनीतल्या माणसाने टाळी वाजवली.

१५ ऑक्टोबरला अमेरिका पुन्हा सुरू झालं. नागपूरहून आलं, न्यू जर्सीला गेलं, तिथे ख्रिसमस वगैरे करत तीन आठवड्यांचे तीन महिने झाले (भिशी असती तर बायकोने दंड लावला असता), आणि आता तिथून ते परत आजोबांकडे निघालंय. हो, त्यांनी पुन्हा नंबर लावलाय. पुस्तक वाचलेलं आहे, त्यांना फक्त ११२ बघायचंय. मागच्या रविवारी फोन आला, ट्रॅकिंग नंबर त्यांनी पाठ केलाय, शेवटी यूएस आहे म्हणाले, आणि मग आवाज खाली करून, "त्या बेंगळुरूच्या मुलाने नेमकं काय लिहिलं आहे हो?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, पोस्टाने येतंय.