हिशेबात न बसणारे नऊ डेसिबल

इंजिन चढलं की टगच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, व्हीलहाऊसमध्ये (सुकाणूच्या केबिनमध्ये) एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. टगचा कप्तान, म्हणजे मास्टर, म्हणाला, "मॅडम, बारा तास हे ऐकून घरी गेलो तरी कानात वाजतच राहतं." टग माझगावला धक्क्याला लागला होता आणि तीन दिवसांनी परत कामावर जायचा होता.

शिट्टीचं मूळ लगेच सापडलं. इंजिनाचे फेरे मिनिटाला 1800, गिअरबॉक्सच्या पिनियनला (लहान दातेरी चाकाला) 33 दात. म्हणजे सेकंदाला 990 वेळा दाताला दात भिडतो. त्याची दुप्पट 1980 हर्ट्झ, आणि मीटरवरचं टोक नेमकं तिथेच. पण ती वर चढते कुठून?

फायनाइट एलिमेंटचा, म्हणजे अख्खा सांगाडा बारीक तुकड्यांत मोडून कॉम्प्युटरवर सोडवण्याचा, मोह मी आवरला. 6 मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यात या वारंवारितेची लाट जेमतेम 17 सेंटिमीटरची. एका लाटेला सहा-आठ एलिमेंट धरले, तर अख्ख्या टगभर दोन-अडीच सेंटिमीटरची जाळी विणावी लागते. कॉम्प्युटर तेही करेल. पण 2 बाय 3 मीटरच्या एका पत्र्यात या वारंवारितेभोवतीच्या पट्ट्यात दीडशेच्या आसपास मोड, म्हणजे कंपनाच्या स्वतःच्या तऱ्हा, असतात आणि वेल्डिंग जरा इकडेतिकडे झालं की ते सरकतात. एकाच ड्रॉइंगवर बांधलेले दोन टगही इथे सारखे वाजत नाहीत. अशा ठिकाणी एकेका बिंदूचं नेमकं उत्तर देणं मला पटत नाही.

म्हणून सांख्यिकी ऊर्जा विश्लेषण. रॉकेटांच्या कंपनांचा अंदाज बांधण्यासाठी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड लायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. गच्चीवरच्या जोडलेल्या टाक्या आठवा. प्रत्येक पत्रा एक टाकी, सांधे म्हणजे पाइप, डॅम्पिंग, म्हणजे कंपन विझत जाणं, ही गळती. पातळी म्हणजे दर मोडमागची ऊर्जा. ती जास्तीकडून कमीकडे वाहते.

रात्री हिशेब मांडला. इंजिनरूमच्या भिंती मोजणीशी दोन डेसिबलच्या आत जुळल्या. व्हीलहाऊसचा तळ मात्र मोजणीत हिशेबापेक्षा नऊ डेसिबलने वर, म्हणजे ऊर्जा जवळपास आठपट! जोडणीचा गुणांक (सांध्यातून किती ऊर्जा जाते तो आकडा) वाढवला असता तर आकडे जुळले असते. हात तिथपर्यंत गेलाही होता. पण तसं केलं असतं तर मॉडेलने जे सांगितलं तेच मी पुसून टाकलं असतं: एक वाट माझ्या कागदावर नाही.

सकाळी फिटरकाकांना एवढंच सांगितलं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि टोक एकेका जागी टेकवत निघाले. लाकडी लायनिंगमागे थांबले. "इथे बोलतंय बघा."

गिअरबॉक्सपासून थेट वर गेलेला कंट्रोल केबलचा पोलादी पाइप. व्हीलहाऊसच्या तळाशी त्याच्या क्लॅम्पमधलं रबर करपून बाहेर सरकलेलं, लोखंडाला लोखंड लागलेलं. मी ते रबर चिमटीत धरलं तर त्याचा भुगा झाला. स्क्रूड्रायव्हर माझ्या हाडाला लावला आणि तीच शिट्टी, अगदी स्वच्छ.

दुपारपर्यंत सगळे क्लॅम्प नव्या रबराचे झाले आणि गिअरबॉक्सच्या बाजूला पाइप कापून होजचा तुकडा बसवला. इंजिन पुन्हा 1800 वर नेलं. मीटर आठ डेसिबल खाली. मी आकडा सांगण्याआधीच मास्टरने हात पुढे करून व्हीएचएफ रेडिओचा आवाज कमी केला.