गरम पाण्यात धुतलेली साडी

पान ३७. समासात पेन्सिलीने लिहिलेलं : 'खुनी हीच. नर्स.' त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात : 'मग आम्ही वाचायचं काय?' आणि त्याच्याही खाली निळ्या शाईत, बहुधा निवृत्त शिक्षकाने : 'ग्रंथ ही सार्वजनिक ठेव आहे. त्यावर लिहू नये.'

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या वाचनालयात रहस्यकादंबऱ्यांचं हे असंच असतं. हातात येईपर्यंत त्या वीस-पंचवीस घरं फिरून आलेल्या असतात. कुठे चहाच्या कपाचं वर्तुळ, कुठे पानात चिकटलेला शेवेचा तुकडा. पेन्सिलवाल्यावर रागावण्यातही अर्थ नव्हता. बाइंडिंग करताना मूळ मुखपृष्ठ जपून ठेवलं होतं आणि त्यावर लाल नखांचा एक बायकी हात, हातात इंजेक्शन. लेखकाने दोनशे पानं जे लपवलं होतं ते चित्रकाराने आधीच सांगून टाकलं होतं.

गोष्ट तशी ठरावीक. पुण्या-मुंबईकडे एकामागून एक पाच पुरुष मरतात. तपासाला एक माजी पोलीस अधिकारी. या मंडळींना रात्री झोप येत नाही, बायको सोडून गेलेली असते आणि भर पावसात सिगारेट पेटवायची असते, यांचंही तसंच. खुनी बाई दिवसा इस्पितळात नर्स, संध्याकाळी मोकळी. चार खून सुईने, पाचवा सुरीने, कारण ऐन वेळी सुई मोडते. मध्ये एक प्रकरण महाबळेश्वरचं आहे, त्यात काहीच घडत नाही. ते मी चाळलं. बाकी पुस्तक रविवारी दुपारी हिंचक्यावर पडून एका बैठकीत संपवलं आणि, लपवायचं कशाला, मला ते आवडलं.

आमच्या घरात पुस्तक माझ्यानंतर आत्याकडे जातं. आत्या एक्क्याऐंशी वर्षांची. दुपारी दोन ते साडेतीन हा तिचा वाचायचा वेळ. तेवढ्यात फोन वाजला तर तो वाजून वाजून थकतो. रहस्यकादंबरी ती शेवटच्या पानापासून सुरू करते. ''कोण ते एकदा कळलं की जीव टांगणीला लागत नाही. मग नीट लक्ष देऊन वाचता येतं.'' पूर्वी मला हे अरसिकपणाचं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. ''हे बघ याने काय लिहिलंय. एकशे बारा.''

मी मोठ्याने वाचलं. 'तिने बादलीभर कढत पाणी घेतलं. साडीवरचा रक्ताचा शेवटचा डाग विरघळून गेला, जणू तिचा भूतकाळच.'

''छान आहे की,'' मी म्हणालो.

''डोंबल छान. कढत पाण्यात घातला की रक्ताचा डाग पक्का बसतो. गार पाणी घ्यायचं, मीठ घालायचं आणि तेही लगेच. आणि ही म्हणे नर्स!''

अंडं उकडलं की आतला पांढरा भाग घट्ट होतो, तसंच रक्तातल्या प्रथिनांचं होतं. उष्णतेने ती गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. म्हणजे ती साडी एकशे बाराव्या पानावर डागासकट बादलीत पडून होती. आणि एकशे विसाव्या पानावर आमचे डिटेक्टिव्हसाहेब चौकशीला तिच्या घरी येतात, त्याच बाथरूममध्ये हात धुतात, आरशात स्वतःच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून उदास होतात आणि निघून जातात. बादलीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पुढची शंभर पानं केवळ या माणसाने कधी कपडे भिजवले नाहीत म्हणून लिहावी लागली. मलाही ते खटकलं नव्हतं, यात नवल नाही. माझ्या शर्टावरचे डाग आजवर आपोआप गेले आहेत.

एकदा हे भोक सापडल्यावर आत्याने सगळी कादंबरीच उसवायला घेतली. पहिला खून दसऱ्याच्या सुमाराला, चौथा कार्तिकात. ''म्हणजे मध्ये दिवाळी गेली. घराची झाडलोट, फराळ, भाऊबीज. ही मधल्या दिवसांत पनवेलला जाऊन माणसाच्या पाळतीवर बसलीय! इस्पितळात दिवाळीची सुट्टी देतात का नर्सला?'' मी म्हटलं, ती एकटी राहते, तिला फराळ करायचा नसेल. आत्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''धुणंभांड्याला येणारी बाई दाखवलीय का कुठे? नाही ना? मग भांडी कोण घासतं?''

सिरियल किलर हा शब्दही तिला मान्य नव्हता. अमेरिकेतल्या एफबीआयने २००५ साली या विषयावर परिषद भरवली, तीत व्याख्या ठरली : एकाच माणसाने वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक खून केले की झालं. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, ''दोन? दोनाला कसली सिरियल? आमची सिरियल आठशे भाग झाले तरी संपत नाही.''

शेजारच्या मासींनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. त्या गुजराती, पण दांडिया बाजारात पन्नास वर्षं काढल्याने मराठी सगळं समजतं, आणि आत्या त्यांना दुपारची गोष्ट संध्याकाळी ओट्यावर बसून सांगते. मासींचं म्हणणं, या बाईला कुणी 'क्यां चाल्या?', म्हणजे कुठे निघालात, विचारत कसं नाही? आमच्याकडे हा प्रश्न चुकत नाही. जिन्यावर, ओट्यावर, नाक्यावरच्या भाजीवालीकडून, समोरच्या गॅलरीतून. पापड आणायला खाली उतरलेल्या बाईला परत येईपर्यंत चार जणांना उत्तर द्यावं लागतं. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, ती गोष्ट वेगळी. पण हातात सुई घेऊन रात्री अकराला बाहेर पडणारी बाई आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचली नसती.

मला स्वतःला खटकलं ते आणखी एक. कादंबरीतला पुरुष खुनी नुसता खुनी असला तरी चालतं. विकृत आहे म्हटलं की वाचक पुढे सरकतो. बाई खुनी असली की लेखक घाबरतो आणि तिला बालपण देतो. काका वाईट असतो, नवरा त्याहून वाईट, मूल दगावलेलं असतं. इथेही पंचवीस पानं त्यातच गेली. जुन्या काळी विषकन्येच्या गोष्टी होत्या त्यात हा खटाटोप नव्हता, पण तिला स्वतःचं असं काही वैरच नसायचं. राजा पाठवेल तिकडे ती जाणार. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकादंबऱ्यांवर पोसलेल्या आमच्या पिढीला खून म्हणजे पुरुषांचाच धंदा वाटायचा.

प्रत्यक्षातल्या बायका फार निराळ्या निघतात. कर्नाटकातल्या केम्पम्माला वर्तमानपत्रांनी 'सायनाइड मल्लिका' नाव दिलं. देवळांत जायची, दुःखाने गांजलेल्या बायका हेरायची, खास पूजा करू म्हणायची, दागिने घालून यायला सांगायची आणि तीर्थातून सायनाइड द्यायची. १९९९ ते २००७, सहा बायका. सोनं साफ करायला सायनाइड वापरतात हे तिला सोनाराकडच्या कामामुळे ठाऊक होतं. लाल नखं नाहीत, सूडही नाही, पुरुष तर नाहीच. मरणाऱ्या सगळ्या तिच्यासारख्याच बायका. कोल्हापूरच्या गावित मायलेकींचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर हिंचक्यात बसून लिहिता येत नाही. त्यात मारली गेली ती लहान मुलं होती.

बडोदेकराला विष म्हटलं की दुसरंच आठवतं. ९ नोव्हेंबर १८७४. इथला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आल्यावर पपनसाच्या रसाचं सरबत घ्यायचा. त्या दिवशी दोन-तीन घोट घेतले, मळमळलं, उरलेलं फेकून दिलं आणि ग्लासच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड. आरोप थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सौटर तपासाला आले, रेसिडेन्सीतले नोकर धरले गेले, तिथल्या आयेची, अमीनाची, साक्ष झाली. १८७५ च्या आरंभी चौकशी आयोग बसला. मल्हाररावांच्या बाजूने लढायला विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले होते. आयोगात सहा जण : तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे. तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले आरोप सिद्ध नाही. बरोबर निम्मे-निम्मे. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, गैरकारभाराचं कारण दिलं आणि एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं. कुठलाही संपादक हा शेवट लेखकाला परत पाठवेल.

आत्याला यातली हिऱ्याची पूड आवडते. सोमल तिला पटतो. पांढरा, बेचव, आणि पोट बिघडून गेल्यासारखं मरण, त्यामुळे पूर्वी पटकीच्या साथीत कुणाला शंकाही यायची नाही. पण हिरा? हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, प्रत्यक्षात हिरा पोटात विरघळत नाही की कशाशी संयोग पावत नाही. ''ते पुरुषांचं काम,'' आत्या म्हणते. ''बाईने एवढा खर्च केला नसता.''

मल्हाररावांना उतरवलं म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे दिवंगत भाऊ खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाईंनी कवळाणे गावचा मुलगा दत्तक घेतला, तो सयाजीराव झाला. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून ग्रंथालयांचं जाळं विणलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत कपाटांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. आत्याची आई पादरा गावाजवळच्या एका खेड्यात त्या पेटीची वाट बघत बसायची, असं आत्या सांगते. म्हणजे ओढूनताणून जोडायचंच म्हटलं तर एका ग्लासभर पपनसाच्या सरबतामुळे माझी आत्या आज पान एकशे बारावर अडून बसली आहे. इतिहासकार मला यासाठी ओट्यावरही उभं करणार नाहीत.

पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली तरी आत्या ते देईना. मला वाटलं अजून चुका शोधत असेल. विचारलं तर म्हणाली, ''वाचतेय हळूहळू.'' तिचं हळूहळू मला नवीन होतं. एरवी ती चार दिवसांत फडशा पाडते. शेवटी वाचनालयातून दोनदा निरोप आला, तेव्हा मी तिच्या उशालगतचं पुस्तक उचललं आणि घेऊन गेलो. ती देवळात गेली होती.

टेबलामागचे गृहस्थ प्रत्येक परत आलेलं पुस्तक पानं फरफरवून तपासतात. आमचं पुस्तक एका ठिकाणी आपसूक उघडलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता, आणि नुसता दुमडलेला नव्हे, अनेकदा दुमडून सरळ करून मऊ झालेला.

''पानं दुमडू नयेत म्हणून बोर्ड लावलाय,'' ते म्हणाले. ''साधं बसचं तिकीट घालायचं खुणेला.''

मला वाटलं, साडीचं पान असेल. नव्हतं. महाबळेश्वरचं प्रकरण होतं, मी चाळलेलं. तिसऱ्या खुनानंतर ती बाई चार दिवस एका हॉटेलात जाऊन राहते. सकाळी उशिरा उठते. व्हरांड्यात बसते. पोऱ्या विचारतो, बाई, आणखी चहा? ती म्हणते, आण. मग धुकं, समोरचं झाड, आणि पुढे दीड पान काहीच नाही. ती कुठे जात नाही, कुणी कुठे म्हणून विचारत नाही, दुपारचं जेवण कुणीतरी ताटात वाढून आणतं.

समासात काही लिहिलेलं नव्हतं. आत्या पुस्तकांवर लिहीत नाही.

गृहस्थ अंगठ्याने कोपरा सरळ करायला लागले. मी म्हटलं, ''राहू द्या. उशिराचे पैसे घ्या, आणि पुन्हा आठ दिवस लावून द्या. आत्याच्या नावावर.''