माचिसची काडी

आज अंधेरीच्या एका गाळ्यात सेफ्टी इन्स्पेक्शन होतं. फायर एक्स्टिंग्विशरसमोर खोके रचलेले, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पंखा आणि ग्राइंडर. नेहमीचंच, लिहीत गेलो.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसपाशी मात्र पाय थांबले. दोन बटणांची जुनी मशीन. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे बोटं डायच्या साच्याखाली जाणारच नाहीत, एवढ्यासाठी ती दोन बटणं. इथे डावं बटण आत गेलेलंच. वाकून पाहिलं, तर फटीत माचिसची काडी खोचलेली, वर काळी टेप.

ऑपरेटर काका शांतपणे म्हणाले, "साहेब, नगावर पैसे मिळतात. दोन्ही हात अडकवले तर आकडा कसा गाठायचा?"

फॉर्ममध्ये धोक्याचे गुण भरले: अपघाताची शक्यता ४, परिणाम ५, दोन्ही पाचपैकी. गुणाकार २०, पंचवीसपैकी. सुपरवायझर म्हणाला, "हातमोजे देतो ना आम्ही!" अहो, प्रेसखाली हातमोजा काय करणार? हातमोजे सगळ्यात शेवटी. आधी गार्ड, माल ठेवायला चिमटा, आणि दोन्ही बटणं एकदम दाबून दर वेळी सोडावी लागतील असं सर्किट. हे सगळं लिहिलं. नगाच्या भावासाठी मात्र फॉर्ममध्ये रकाना नाही, म्हणून तो समासात पेनाने लिहिला.

प्रेस बंद करून टॅग लावला. काकांनी काडी उपसली, निरखली आणि खिशात टाकली. "बिडीला होईल," म्हणाले.