‘किती मिळत्यात ओ मॅडम ह्यात?’

मी कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणजे बोलायला अडचण असणाऱ्यांवर उपचार करते. मागच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या एक काकू पोरीला घेऊन घरी आल्या. पोरीची बारावी सायन्स झालीय, नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरत नाही, बीएएमएस तिला नकोय, आणि कुणीतरी डोक्यात घातलंय की बीएएसएलपी (माझीच डिग्री, कान आणि बोलण्याच्या उपचारांची) कर, बाहेर देशात लई स्कोप आहे. चहा ठेवायच्या आधीच काकूंचा प्रश्न, "किती मिळत्यात ओ मॅडम ह्यात?" एरवी काकू मला अगं-तुगं करतात, पैशाचा विषय निघाला की मी मॅडम. म्हटलं ते डिपेंड असतंय काकू, तर म्हणाल्या, "ते सगळीच म्हणत्यात, आकडा सांग." सांगितला, पण त्या गडबडीत अर्धाच सांगितला, राहिलेला इथं लिहिते.

आधी डिग्रीचं. बीएएसएलपी म्हणजे चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, आणि त्यानंतर आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर. नंबर नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही, निदान कागदावर तरी. ही एकच डिग्री कान आणि बोलणं दोन्हीची आहे, म्हणजे बाहेर पडताना तुम्ही ऑडिओलॉजिस्ट पण असता आणि स्पीच थेरपिस्ट पण, आणि इथूनच पैशाची वाट दोन बाजूला फुटते. कानाच्या बाजूला टेस्ट असतात, मशीन असतं, विकायला श्रवणयंत्र असतं आणि त्यात मार्जिन असतं. बोलण्याच्या बाजूला तुम्ही, एक पोरगं, चार चित्रांची कार्डं आणि पाऊण तास. वस्तू दोन जास्तीच्या विकता येतात, पाऊण तास कसा वाढवणार? माझ्या बॅचमधल्या ज्यांनी श्रवणयंत्राचं दुकान टाकलं त्यांच्याकडं आज चारचाकी आहे. माझ्याकडं ॲक्टिव्हा आहे, ती पण भावाची जुनी.

माझा पहिला पगार १६ हजार. पुण्यातलं एक चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर, नाव सांगत नाही, दिवसाला आठ सेशन, वर दोन वर्षांचा बाँड. पालकांकडून ते एका सेशनचे जेवढे घ्यायचे तेवढ्यात माझा एक दिवस निघायचा. नंतर कोल्हापुरात येऊन एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडं बसले, निम्मे त्यांचे निम्मे माझे. ऐकायला बरं वाटतं, पण पेशंट त्यांचे, वेळ त्यांची, आणि महिनाअखेरीला हिशोबाची वही पण त्यांचीच. दीड वर्षानं तेही सोडलं आणि राजारामपुरीत एक खोली घेतली.

सरकारी नोकरी आहे का, हा काकूंचा दुसरा प्रश्न. आहे, पण जागा अगदी थोड्या. केंद्राच्या संस्थांच्या ज्या जाहिराती मी बघितल्यात त्यात बऱ्याचदा लेव्हल ६ असते, म्हणजे सातव्या वेतन आयोगाप्रमाणं सुरुवातीचा मूळ पगार ३५,४०० आणि वर भत्ते. कर्णबधिर मुलांच्या अनुदानित शाळेत एखादी जागा असते, ती धरणारा माणूस रिटायर होईस्तोवर हलत नाही (मी पण हलले नसते). जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या लवकर निदानाचं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं, तिथं ऑडिओलॉजिस्टला घेतात पण कंत्राटी, दर वर्षी ऑर्डर रिन्यू व्हायची वाट बघत बसायचं. मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात बरं मिळतं, कारण तिथं स्ट्रोकचे पेशंट असतात, ज्यांना गिळता येत नाही, नाकातनं नळी टाकलेली असते, आणि ती नळी काढायची तर गिळायला परत शिकवणारं माणूस लागतं. आमच्या धंद्यात गिळण्याचं काम येणाऱ्याला किंमत आहे. डॉक्टर स्वतःहून फोन करतात.

बाहेर देशाचं पण सांगितलं. अमेरिकेत सरकारच्या कामगार आकडेवारीत २०२३ साली स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्टचा मधला वार्षिक पगार ८९,२९० डॉलर होता. मधला म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध जो येईल त्याचा. काकूंनी लगेच मोबाईलवर रुपयात केला आणि पोरीकडं बघितलं. म्हटलं थांबा जरा, नुसत्या बीएएसएलपीवर तिकडं काम मिळत नाही, मास्टर्स लागतं, मग क्लिनिकल फेलोशिप म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, मग त्या त्या राज्याचं लायसन, आणि तेवढं शिकायला जो खर्च येतो तो पण डॉलरमध्येच असतो. तिथं सुद्धा सगळ्यांना सारखं नाही, म्हाताऱ्या आजारी माणसांच्या नर्सिंग होममध्ये जास्त मिळतं, शाळेत कमी, पण शाळेला उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी असते म्हणून कितीतरी जण शाळाच धरतात.

पण मला काकूंना खरं जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. तिकडं एवढे मिळतात कारण देणारा पोराचा बाप नसतो. अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे, अपंग मुलाला सरकारी शाळेत त्याच्या गरजेप्रमाणं शिक्षण फुकट मिळालंच पाहिजे, त्यात स्पीच थेरपी पण येते, म्हणजे थेरपिस्टचा पगार शाळा देते. दवाखान्यात इन्शुरन्स देतो. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व पण आहे, कायदा चांगलाच आहे, पण माझ्या खोलीत आलेल्या पोराच्या पाऊण तासाचे पैसे त्या कायद्यातनं येत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपी पण बसते, पण माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ पालकांना ती मीच पहिल्यांदा सांगते. आणि पोरगं नुसतं अडखळत असेल, किंवा 'र'ला 'ल' म्हणत असेल, तर त्यात ते बसतच नाही. मग राहतो बापाचा खिसा. आता कोल्हापूर जिल्ह्यात बापाचा खिसा कधी भरतो ते सगळ्यांना माहिताय, दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं तेव्हा आणि कारखान्यानं उसाचे पैसे सोडले तेव्हा. माझ्या वहीत उधारीच्या रकान्यात तारीख नसते, "दूध बिल" आणि "ऊस" असं लिहिलेलं असतं.

आता माझाच आकडा. फी ४५०, पाऊण तास. जुलैत माझी १४० सेशन बुक होती. झाली ९८. जुलैत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढलं की शिरोळकडचे पालक फोन करतात, मॅडम ह्या आठवड्यात काय जमत नाही. (२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर हायवेच बंद होता, तेव्हा मी दुसऱ्याकडं नोकरीत होते म्हणून वाचले.) तर ९८ गुणिले ४५०, ४४,१०० झाले. त्यातनं खोलीचं भाडं ८,५००, मदतीला येणाऱ्या मुलीचे ६,०००, लाईट आणि नेट १,८००, खेळणी-कार्डं-झेरॉक्स १,५००. राहिले २६,३००. जानेवारीत ह्याच खोलीत, ह्याच फीमध्ये १३१ सेशन झाली होती, खर्च तेवढाच, तेव्हा ४१,१५० राहिले. माझी डिग्री दोन्ही महिन्यांत एकच होती, अनुभव तर जुलैत सहा महिन्यांनी जास्तच होता की.

म्हणून कुणी विचारलं की पगार कशावर ठरतो, तर डिग्री, अनुभव, गाव हे सगळं आहेच, मास्टर्सवाल्याला नोकरीत सुरुवात बरी मिळते, पुण्या-मुंबईत फी आमच्या दुप्पट-तिप्पट असते (भाडं पण), पण स्वतःचं क्लिनिक असेल तर सगळ्यात आधी बुक किती झाली आणि झाली किती हे बघायचं. लग्न, बारसं, जोतिबाची यात्रा, पोराला सर्दी, आजी म्हणाली आज नको, एसटी चुकली. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पोरगं सुधारतंय असं वाटलं की येणं बंद. दोन महिन्यांत "आई, पाणी" म्हणायला लागलं की घरात पेढे वाटतात आणि माझी वेळ रिकामी होते. आनंदच आहे ओ, पण वाक्यं यायला अजून वर्षभर काम असतं, आणि सहा महिन्यांनी तीच माणसं परत येतात, तेव्हा ती वेळ दुसऱ्याला दिलेली असते.

शिवाय ज्याचे पैसेच लागत नाहीत असं काम वेगळंच. शाळेला द्यायचे रिपोर्ट, परीक्षेतल्या सवलतीचं पत्र, रात्री अकराला आलेला व्हॉइस मेसेज, "मॅडम ऐका, हे 'क' बरोबर म्हणालंय का?" ऐकते मी, काय करणार.

आणि शेजारच्या गल्लीत तीन महिन्यांचं कसलंसं सर्टिफिकेट घेऊन बसलेलं माणूस २०० रुपयांत थेरपी करतंय. पालक म्हणतात तिकडं तर २०० घेत्यात, तुम्ही पण पोराशी खेळताच की नुसतं. खेळताना मी काय मोजतोय, कुठला आवाज जिभेच्या कुठल्या जागेवरनं यायला पाहिजे नि येत नाही, हे बाहेरनं दिसत नाही आणि दिसत नाही त्याला कोण पैसे देत नाही.

बघा, लिहिता लिहिता 'मोजतोय' लिहिलं. आमच्यात बायका पण 'मी जातो, मी येतो' म्हणतात, मी घरात अजून तसंच बोलते, क्लिनिकात 'जाते'. एकदा एक रिपोर्ट आला होता बाहेरगावच्या थेरपिस्टचा, सहा वर्षांच्या मुलीचा, त्यात लिहिलेलं की मुलगी स्वतःबद्दल बोलताना क्रियापदाचं लिंग चुकवते, थेरपी आवश्यक. आई समोरच बसलेली, तिला विचारलं तर म्हणाली, "आता मी काय सांगतो मॅडम, मला पण त्यांनी टेस्ट करून घ्या म्हणाले." पोरीला काहीही झालेलं नव्हतं, ती कोल्हापूरची होती एवढंच. तिला पाच मिनिटांत घरी पाठवलं, म्हणजे १२ सेशनचं गिऱ्हाईक घालवलं. माझ्या नवऱ्याच्या हिशोबात ते ५,४०० रुपयांचं नुकसान आहे.

काकू गेल्या तेव्हा गप्प होत्या. पोरीनं मात्र जाताना दारात एकच विचारलं, "रद्द केलं तर पैसे घेत नाही का तुम्ही?" घेते की. ऑगस्टपासून बोर्डच लावलाय, आदल्या दिवशी न कळवता रद्द केल्यास निम्मी फी. पहिल्याच आठवड्यात गारगोटीकडचे एक आजोबा नातवाला घेऊन दीड तास उशिरा पोचले, एसटी बंद पडलेली, पोरगं खांद्यावर झोपलेलं, आणि आजोबांनी बोर्ड वाचून खिशातनं २२५ मोजून टेबलावर ठेवले. मी ते परत दिले आणि जेवणाच्या सुट्टीत सेशन घेतलं, त्याचे ४५० घेतले. बोर्ड अजून आहे. आतापर्यंत चौघांनी निम्मी फी दिलीय.